भोयर सरांची एक्केचाळीस पानं

भोयर सरांची पहिली बातमी मला माझ्या वडिलांकडून कळली, आणि तीही एक वेडा माणूस म्हणून.

आम्ही तेव्हा वाडीला राहायचो, अमरावती रोडवर. बाबा एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुकादम होते. एके दुपारी जेवायला आले ते हसत हसतच. म्हणाले, एक माणूस सकाळपासून गोदामासमोर उभा आहे, डोक्यावर छत्री, हातात वही, आणि ड्रायव्हर लोक ट्रक मागे कसा घेतात ते पाहतो आहे. ड्रायव्हरांना वाटलं, जकातीचा साहेब. दोघांनी न मागता कागदपत्रं दाखवली, एकानं चहा पाजला. चहा पिऊन झाल्यावर साहेबानं त्याला एकच विनंती केली, की गड्या, ट्रक नीट लागला आहे हे खरं, पण तो बाहेर काढून पुन्हा एकदा लावून दाखवशील का.

"तीनदा लावाले लावला त्याले," बाबा म्हणाले. "अन् दर खेपेले टाळ्या वाजवून राहिला भैताड."

पुढच्या आठवड्यात कॉलेज सुरू झालं. आमच्या बी.एस्सी.च्या वर्गावर गणिताचे नवे लेक्चरर आले. बुटके, काळेसावळे, चाळिशीचे, शर्टाच्या खिशाला आतून पांढरी पूड लागलेली, आणि हातात छत्री. छत्री टेबलावर ठेवून त्यांनी फळ्यावर पहिली गोष्ट काढली ती ट्रक. मी ट्रकावरून छत्रीकडे बघत राहिले. हाच तो भैताड, आणि हाच आता आम्हाला वर्षभर शिकवणार.

त्यांचा प्रश्न साधा होता. ट्रक पुढे जातो, मागे जातो, चाक वळतं. आडवा काही तो सरकत नाही. मग दोन ट्रकांच्या मधल्या सापटीत तो आडवा घुसतो कसा? मी वाडीची, मला गप्प बसवेना. उठून सांगितलं, की थोडं पुढं, थोडं वळण, थोडं मागं, उलटं वळण, असं करत करत तो सरकवतात, आमच्याकडे रोजच चालतं. सरांनी मला पुढे बोलावलं आणि दोन बाकांमध्ये तेच करायला लावलं. तीन पावलं पुढे, थोडं वळायचं, तीन पावलं मागे, वळलो तेवढंच उलटं वळायचं. सगळं केलेलं फिटलं, म्हणजे मी मूळ जागी यायला हवं होतं. आले नाही. वीतभर बाजूला उभी होते.

"हे जे वीतभर उरलं ना," सर वर्गाला म्हणाले, "याले म्हणाचं कंस. सगळं आयुष्य मी याच्यावर काढून राहिलो."

सर मूळचे पारशिवनीकडचे, शेतकरी घरातले. चौदा वर्षं तिकडे शाळेत मास्तरकी करून, रात्रंदिवस अभ्यास करून एम.एस्सी. झाले आणि उशिरा कॉलेजात आले. प्रमेय इंग्रजीत सांगायचे, कारण परीक्षा इंग्रजीत. बाकी सगळं पारशिवनीच्या बोलीत. आमचे विभागप्रमुख पांढरीपांडे सर. फार नेटके गृहस्थ, धोतराची निरी कधी चुकली नाही आणि सिलॅबसबाहेर पाऊल कधी पडलं नाही. त्यांनी एकदा भोयर सरांना बाजूला घेऊन सांगितलं, की वर्गात जरा शुद्ध बोलत जा. सरांनी शांतपणे विचारलं, "फळ्यावरचं शुद्ध आहे ना जी?" पांढरीपांडे सर म्हणाले, ते आहे. "मंग झालं तर," असं म्हणून भोयर सर तासाला निघून गेले. पांढरीपांडे सरांना हे उद्धटपण आहे की उत्तर, हे निवृत्तीपर्यंत ठरवता आलं नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मी त्याच विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, आणि मग लेक्चरर. तेव्हा सरांची खरी ओळख झाली. विभागाच्या खोलीत हातांची अशी एकच खुर्ची होती. ती सरांची, पण तिच्यावर सर क्वचितच बसलेले असायचे, कारण त्यांनी एक पद्धत पाडली होती. ज्याला त्यांच्या मांडणीत चूक सापडेल, त्यानं त्या दिवशी त्या खुर्चीवर बसायचं आणि सरांनी स्वतः कॅन्टीनमधून त्याच्यासाठी तर्री-पोहे आणायचे. शिपाई शंकर हातातली प्लेट ओढून घ्यायला जायचा, सर देत नसत. म्हणायचे, "चूक माही होय, पोहे मीच आणीन." माझ्या पहिल्या वर्षात मी त्या खुर्चीवर नऊदा बसले. तर्रीनं जीभ पोळायची आणि मान ताठ व्हायची. एवढी ताठ, की मी घरी आईच्या बोलण्यातसुद्धा चुका काढू लागले आणि एकदा लाटण्याचा प्रसाद खाल्ला.

या पद्धतीला एक कलम जोडलेलं होतं आणि तेच पुढे नडलं. चूक सापडल्याशिवाय कुठलाही कागद विभागाबाहेर जायचा नाही. सर म्हणत, माणसानं लिहिलं म्हणजे चूक असणारच. ती सापडली नाही याचा अर्थ वाचणाऱ्यानं नीट वाचलं नाही. सापडली, दुरुस्त केली, की कागद जाऊ द्या खुशाल. आम्हाला हे तेव्हा फार थोर वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला सांगू.

सरांचं सगळं वेड पापुद्र्यांचं. हा शब्द त्यांचाच. पुस्तकातला शब्द त्यांना कोरडा वाटायचा. समजा, एखाद्या जागेत प्रत्येक ठिकाणी ठरवून दिलं आहे, की इथून तुम्ही अमुक दिशांनीच चालायचं. तर त्या परवानगीनं चालत राहिल्यास तुम्ही एका पापुद्र्यावर राहता का, आणि सगळी जागा अशा पापुद्र्यांत नीट सुटी होते का, हा प्रश्न. शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मनांनी याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. ते वीतभर उरलेलं अंतर, तो कंस, जर परवानगीच्या दिशांमध्येच पडत असेल, तर पापुद्रे सुटतात. पण एका अटीवर: परवानगीच्या दिशा सगळीकडे सारख्याच संख्येनं हव्यात. इथे दोन तर तिथेही दोन.

सरांचं भांडण या अटीशी होतं. ते जात्याचं उदाहरण द्यायचे. जातं फिरतं, त्यावरचा प्रत्येक दाणा वर्तुळात फिरतो, पण मधला खिळा जागचा हलत नाही. त्याला एकही दिशा नाही. म्हणून जर्मन म्हणतात, खिळा बाहेर काढा, मग आमचं प्रमेय लागू. "काहून काढाचा?" सर विचारत. "खिळा काढला तर जातं फिरन का? तोबी पापुद्राच होय. लहान होय, एका टिकलीएवढा होय, पण पापुद्रा होय." हे सांगताना ते खरोखर रागवायचे. खिळ्याच्या वतीनं इतकं तावातावानं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्यासारखं म्हणणारे जगात आणखी होते. साठच्या सुरुवातीला एका अमेरिकनानं दाखवलं होतं, की दिशा कमीजास्त झाल्या तरी चालतं, फक्त आसपासच्या सगळ्या दिशा मोजक्याच ठरावीक दिशांमधून तयार होत असल्या पाहिजेत. मग सहासष्टच्या सुमारास एका जपान्यानं दाखवलं, की सगळं जर चांगल्या वळणाच्या, अनंत मालिकांत उलगडणाऱ्या सूत्रांनी लिहिलेलं असेल, तर काही अडत नाही. हे लेख आमच्या लायब्ररीत बोटीनं यायचे, सहा-आठ महिन्यांनी, पण सरांच्या तोंडी अमेरिकावाला आणि जपानवाला अशी नावं ऐकली तर वाटावं, हे दोघं सरांच्या वस्तीत, नंदनवनातच, मागच्या गल्लीत राहतात. सरांच्या घरी काकू, म्हणजे सुमनकाकू, भाजी निवडता निवडता मला विचारायच्या, जपानवाल्याचं पुढं काय झालं वं? त्याच्या तब्येतीची चौकशी करावी तसं.

सरांना या दोघांच्या अटीही नको होत्या. त्यांचं म्हणणं, कंस बरोबर पडला की बस, बाकी काही बघायचं नाही. त्यावर त्यांनी तीस पानी सिद्धता लिहिली. एकोणसत्तर साल असेल. विद्यापीठातली मोठी माणसं येणार होती, त्यांच्यापुढे सर ती वाचणार होते. पांढरीपांडे सरांनी हॉल मिळवून दिला होता आणि नवीन उपरणं काढलं होतं. सरांनी ती पानं मला दिली आणि म्हणाले, काढ चूक.

चार दिवस मला काही सापडेना. पाचव्या दिवशी तेच सांगायला मी नंदनवनात त्यांच्या घरी निघाले. तेव्हा तो भाग नवाच वसत होता. एकामागे एक सरळ गल्ल्या, दोन्हीकडे सलग कुंपणं, आणि पूर्वेला सगळ्या गल्ल्या एका मोठ्या रिकाम्या पटांगणात उघडत. मी तिसऱ्या गल्लीत शिरले आणि सरांचं घर सातव्या गल्लीत. गल्लीतून आडवं जायला वाव नाही. मग गल्लीच्या टोकाला गेले, पटांगणात उतरले, चार गल्ल्या ओलांडल्या आणि सातवीत शिरले. सरांच्या फाटकाशी आले आणि माझे पायच थबकले.

गल्लीत एकच दिशा. तिथे कंस उरणारच नाही. पटांगणात सगळ्याच दिशांना परवानगी, तिथे कंस कुठेही पडला तरी चालतो. म्हणजे सरांची अट दोन्हीकडे पुरी. आणि तरीही मी तिसऱ्या गल्लीचा पापुद्रा सोडून सातव्या गल्लीच्या पापुद्र्यात चालत आले होते. गल्लीपासून पटांगणापर्यंत मोकळीक अगदी सावकाश, शून्यापासून हळूहळू वाढवत नेली, की सगळं गुळगुळीतही राहतं. सरांचं प्रमेय खोटं होतं. मी फाटकात उभी राहून मोठ्यानं "अरे बाप्पा" म्हटलं, आणि काकू बाहेर आल्या.

मला सांगवेना. परवा त्यांचं व्याख्यान, आणि मी आज हे घेऊन आले. पण खुर्चीची सवय वाईट. चहा संपायच्या आत सांगून टाकलं. सर उठले, चप्पल घातली, आणि मला घेऊन तोच रस्ता पुन्हा चालले. सातवी गल्ली, पटांगण, तिसरी गल्ली, आणि परत. दोनदा. काकू फाटकातून बघत होत्या. मग सर पटांगणाच्या मधोमध उभे राहिले आणि इतके हसले, की तिथे चरणाऱ्या म्हशीनं मान वर केली.

"जपानवाल्यानं हे दार आधीच लावून घेतलं होतं," ते म्हणाले. "त्याच्या मालिकांत हे असं शून्यातून हळूच वाढणं बसतच नाही. अन् मी म्हणून राहिलो, की काहून लावलं."

व्याख्यान झालं. सरांनी उभं राहून सांगितलं, की जाहीर केलेलं प्रमेय खोटं आहे, आता मी ते खोटं कसं आहे ते सांगतो, आणि हे ज्यांनी शोधलं त्या प्रमिला गजभिये पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मग फळ्यावर नंदनवनाचा नकाशा काढला, म्हशीसकट. मोठी माणसं आधी चपापली, मग हसली, मग प्रश्न विचारू लागली. एक जण म्हणाले, इतका चांगला तास फार वर्षांत ऐकला नाही. पांढरीपांडे सर मात्र उपरण्यात तोंड लपवून बसले होते. दुसऱ्या दिवशी पोहे आले, आणि मी नुसती प्लेट धरून बसले. सर म्हणाले, खा वं, तर्री निवून राहिली.

त्यानंतर तीन वर्षं सर त्या पटांगणात फिरत राहिले, संध्याकाळी, छत्री घेऊन. एका सकाळी विभागात आले ते माझ्या टेबलाशीच थांबले.

"कंस पाहणंच चुकीचं होतं," म्हणाले. "कंस म्हणजे एक पाऊल. एक पाऊल पाहून का समजते? चालून पाहाले पाहिजे. तुह्या बाबाच्या ट्रकमंधी सामान भर, ट्रक चालव, अन् जिथं उतरला तिथं पाह्य, ते सामान त्या गावात चालते का."

सामान म्हणजे दिशा. एका ठिकाणच्या परवानगीच्या दिशा घ्यायच्या, परवानगीच्याच रस्त्यानं वाहत न्यायच्या, आणि जिथे पोचतील तिथे त्या परवानगीत बसतात का ते बघायचं. सगळीकडे बसल्या तर पापुद्रे सुटतात. नाही तर नाही. पटांगणातली आडवी दिशा ट्रकमध्ये घालून गल्लीत आणली की गल्ली तिला नाकारते, म्हणून तिथे बिघडतं. जातं, खिळा, गल्ली, पटांगण, सगळं एका अटीत बसलं. अमेरिकावालाही त्यात आला आणि जपानवालाही. सरांनी ते एक्केचाळीस फुलस्केप पानांवर लिहिलं, स्वच्छ, निळ्या शाईत, आणि माझ्या हातात ठेवलं. बहात्तरची दिवाळी नुकतीच झाली होती.

"परदेशी धाडाचं आहे," ते म्हणाले. "चूक काढ, मंग धाडू."

मी वाचायला घेतलं. एक महिना गेला. सर विचारायचे, सापडली? मी म्हणायचे, नाही सर. ते म्हणायचे, मग अजून वाचलं नाहीस. हे मला खोटं वाटायचं नाही, कारण मागच्या वेळीही चार दिवस मला काहीच सापडलं नव्हतं. मी परत पहिल्या पानापासून सुरू करायचे. थंडीत अंगणातल्या उन्हात, खाटेवर बसून मी ती पानं एवढ्यांदा वाचली, की आईनं विचारलं, कोणाची पत्रं आहेत ही. मार्च उजाडेपर्यंत मला कळून चुकलं होतं, की यात चूक नाही. प्रत्येक पायरी बरोबर होती. मी खड्डा पाडायला बघितलं नाही अशी त्या पानांवर एकही जागा उरली नव्हती.

आता कोणीही शहाणं माणूस काय करेल? जाऊन सांगेल, सर, हे बरोबर आहे, धाडा. मी ते केलं नाही. आमच्या विभागात हे वाक्य कोणी कधी उच्चारलंच नव्हतं. चूक सांगायला खुर्ची होती, पोहे होते. बरोबर आहे म्हणायला काहीच नव्हतं. शिवाय माझी मान ताठ झालेली. चुका काढणारी म्हणून माझं नाव, आणि मी म्हणू की मला काही सापडत नाही? उद्या तिकडच्या कोणाला सापडली तर? म्हणून मी म्हणत राहिले, पाहते आहे सर. एकदा तर मी एक चूक बनवून नेली. सतराव्या पानावर एक खूण खाली हवी ती वर पडली होती. वाटलं, एवढी दाखवली की पद्धत पुरी होईल आणि कागद सुटतील. सरांनी चष्मा काढून पाहिलं.

"हे चूक नोहे," म्हणाले. "हे शाई होय. नीट वाच."

असे अकरा महिने गेले, आणि मग आणखीही काही. मला स्वतःची लाज वाटते ती त्या पहिल्या महिन्यांची नाही, मार्चनंतरच्या महिन्यांची.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात लायब्ररीत बोटीची थैली उघडली. नवीन अंक मांडणं हे माझंच काम असायचं. पहिल्याच अंकात एका अमेरिकेतल्या माणसाचा लेख होता. शीर्षक बघून मी तिथेच उभ्यानं वाचायला घेतलं. पान उलटलं. तीच अट होती. ट्रक नव्हता, सामान नव्हतं, पण तीच अट, आणि उदाहरणात गल्ल्या आणि पटांगण, म्हणजे त्यांच्या भाषेत डावा अर्धा आणि उजवा अर्धा. मागोमाग आलेल्या इंग्लंडच्या अंकात दुसऱ्या एकाचं काम होतं, वेगळ्या वाटेनं तिथेच पोचलेलं. मी लायब्ररीच्या जमिनीवर बसले. ग्रंथपालांना वाटलं चक्कर आली, ते पाणी घेऊन आले.

दोन्ही अंक पिशवीत घालून मी सरळ नंदनवनात गेले. वाटेत मनाशी शंभर वाक्यं जुळवली आणि सरांना पाहिल्यावर एकही आठवलं नाही. ते ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी अंक पुढे केले आणि भडाभडा बोलून गेले. तुमचं प्रमेय आलं आहे, दुसऱ्यांच्या नावानं आलं आहे, माझ्यामुळे. मला गेल्या वर्षीच्या मार्चपासून माहीत होतं की चूक नाही. मी सांगितलं नाही.

सरांनी हात पुसले आणि वाचायला घेतलं. मी समोर उभीच. काकूंनी मला बस म्हटलं तरी मी बसले नाही. सर पानं उलटत गेले, मध्येच मागे जात, बोटानं ओळ धरत. ट्रकवाल्याला पुन्हा एकदा लाव म्हणून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असाच असणार, असं मला वाटलं. पहिला लेख संपवून दुसरा वाचला. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं.

"म्हंजे बरोबर होतं," शेवटी ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग आत तोंड करून जोरात, "सुमन, आयकलं का वं? माह्यं बरोबर होतं."

काकू बाहेर आल्या. त्यांनी दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं. त्या खुळ्या नव्हत्या. म्हणाल्या, "मंग ही पोर काहून रडून राहिली?"

सरांनी उरलेल्या शेंगा सुपात गोळा केल्या. सूप काकूंकडे दिलं. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू सांगाले पाहिजे होतं वं."

एवढंच. रागावले असते तर मला सोसलं असतं. शिव्या दिल्या असत्या, खुर्चीवरून उठवलं असतं, तर मी भांडले असते, मला ते जमतं. ते एवढंच बोलले आणि मला जेवायला थांबवून घेतलं. जेवताना पुन्हा त्या दोन लेखांवर आले. अमेरिकावाला नंबर दोन कुठे हुशारीनं वळला आणि आपण कुठे उगीच लांबून गेलो, हे काकूंना वरणभातावर बोटानं रेघा ओढून समजावू लागले. काकू म्हणाल्या, आधी खा. त्यानंतर हा विषय त्यांनी माझ्यापाशी काढला नाही, मीही काढला नाही. एक्केचाळीस पानं माझ्याकडेच राहिली. मी परत करायला गेले तेव्हा म्हणाले, ठेव, आता ते शिकवाच्या कामाचं. आणि खरंच, पुढची दहा वर्षं त्यांनी ते एम.एस्सी.ला शिकवलं, त्या परदेशी दोघांची नावं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून. स्वतःचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. मी एकदा वर्गात काढलं, तर म्हणाले, गजभिये मॅडम, तास माहा आहे.

पद्धत चालूच राहिली. चूक सापडली की खुर्ची, पोहे, तर्री. नवी मुलं आली, त्यांच्या माना ताठ झाल्या. मी मात्र खुर्चीवर बसायचं सोडलं होतं. कोणाचं काही बरोबर असलं तर मी ते त्याला मधल्या सुट्टीत गाठून सांगायचे. मुलं बिचकायची. त्यांना वाटायचं, मॅडम टोमणा मारून राहिल्या.

चौऱ्याऐंशी साली सर निवृत्त झाले. नंदनवनातलं घर भाड्यानं देऊन पारशिवनीला शेतावर जायचं ठरलं. त्याआधी महिनाभर मी त्यांना माझा लेख दिला होता. माझा स्वतःचा, पहिला, एकोणीस पानांचा, त्याच पापुद्र्यांवर. मी तेव्हा चाळिशीला टेकले होते आणि पहिल्यांदा काही स्वतंत्र लिहिलं होतं. ते बरोबर आहे की नाही, हे मला दुसऱ्या कोणाकडूनही ऐकायचं नव्हतं. सरांनी पानं घेतली आणि घडी करून छत्रीच्या दांड्याशी धरली. निरोपसमारंभ झाला, पांढरीपांडे सर काठी टेकत आले आणि दोन शब्द शुद्ध बोलले. तरी सर माझ्या लेखाबद्दल गप्पच. मी मनातून घाबरले होते. म्हटलं, यात एवढी मोठी चूक आहे की त्यांना सांगवत नाही.

एस.टी. स्टँडवर सोडायला मीच गेले होते. एक ट्रंक, दोन गाठोडी, काकूंची कुंडी. काकू खिडकीशी बसल्या, सर त्यांच्या पलीकडे. कंडक्टरनं दोरी ओढली. सरांनी हात केला, मी हात केला. गाडी हलली आणि फाटकाकडे वळू लागली. तेवढ्यात सर उठले, काकूंच्या मांडीवरच्या कुंडीवर ओणवे झाले आणि खिडकीतून अर्धे बाहेर आले. छत्री हातात तशीच.

"प्रमिला," ते ओरडले, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असे, "बरोबर आहे वं ते. सगळं बरोबर आहे."

गाडी वळली. मी फलाटावर उभी राहून चांगली हुंदके देऊन रडले, लेक्चरर बाई, पर्स काखोटीला मारून. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "काय वं बाई, सांगाचं राहून गेलं का त्यायचं काही?"

"नाही," मी म्हटलं. "सांगितलं त्यांनी."